कारुण्यामाजीं पाउलें

प्रश्न एका तरुण शिक्षिकेचा आहे. डिचोलीकडे अकरावी-बारावीला ती मराठी शिकवते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: मध्ययुगीन मराठी साहित्यात प्रेम आहे ते सगळं देवावरचं; मग माणसाचं काय, असं मुलं विचारतात. परीक्षेत 'सहानुभूती' हा मुद्दा पाच गुणांना लिहायला सांगतात, तो नेमका कुठून काढायचा? अद्वैत मानलं तर दुसरा कुणी उरतच नाही, मग प्रेम करायचं कुणावर? आणि शेवटी, जरा वैतागूनच: हे सगळं आळंदी-पंढरपूरचं, गोव्यातल्या पोरांना त्यात आपलं म्हणून काय दाखवू?

मी तीसेक वर्षं हेच शिकवलं, आणि त्यातली पहिली दहा वर्षं चुकीचं शिकवलं. फळ्यावर तीन रकाने आखायचो: भक्ती, नीती, तत्त्वज्ञान. मुलं उतरवून घ्यायची, पासही व्हायची. त्या रकान्यांत ज्ञानेश्वरीतली एकही चांगली ओवी धड बसत नाही, हे कळायला मला एक मांजर लागली. तिच्याकडे येतो.

आधी शब्दांचं. 'सहानुभूती' हा शब्द जुन्या ग्रंथांत शोधू नका, तो अलीकडचा. त्या जागी जुन्या मराठीत कणव, कळवळा, कृपा, करुणा, माया असे शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. कृपा वरून खाली येते. कळवळा पोटातून येतो. 'ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती' असं तुकोबा म्हणतात आणि त्याच अभंगात लेकराचं हित वाहणारी आई दाखवतात. म्हणजे त्यांच्या लेखी प्रीती आणि कळवळा हे एकाच चुलीवरचे. मुलांना इथूनच सुरुवात करून द्या. घरात आजी कोणत्या वेळी कोणता शब्द वापरते, ते विचारून या म्हणावं.

आता ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय. ग्रंथ १२९० चा, नेवाशाचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गीतेत ज्ञानाच्या लक्षणांच्या यादीत 'अहिंसा' हा एक शब्द येतो. ज्ञानदेव त्या एका शब्दावर शंभरावर ओव्या खर्च करतात. आणि करतात काय? अहिंसेची व्याख्या बाजूला ठेवतात आणि असा माणूस चालतो कसा, ते दाखवायला लागतात. भुंगा कमळावर पाय ठेवताना आतला केसर कुस्करेल म्हणून जपतो, तसा:

तैसे परमाणु पां गुंतले । जाणूनि जीव सानुले ।
कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले ॥

ही ओवी वर्गात एकदा नुसती वाचा आणि थांबा. पावलं लपवून चालणं म्हणजे काय? चोर पावलं लपवतो ती आवाज होऊ नये म्हणून. हा लपवतो ती करुणेत, कुणाला आपलं ओझं होऊ नये म्हणून. पुढच्याच ओवीत तो जिवाखाली आपला जीव अंथरत जातो. पावसात अंगणातून जाताना पायाखाली गोगलगाय येईल म्हणून आपण पाय उचलून अधांतरी धरतो ना, तो क्षण ज्ञानदेवांनी पकडलाय. करुणा ही त्यांच्याकडे मनातली भावना म्हणून येत नाही, ती चालण्याची रीत म्हणून येते. मग बोलण्याची, मग बघण्याची, मग हातांची. एकेका अवयवाला ते वळण लावत नेतात. बोलण्याबद्दल म्हणतात:

पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें ।
शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥

आधी स्नेह, मग अक्षरं. शिक्षकांनी ही ओवी स्टाफरूममध्ये लावावी असं मला कैकदा वाटलंय, विशेषतः पेपर तपासायच्या दिवसांत.

आता मांजर. याच भागात, मांजरी पिल्लाला तोंडात धरते तेव्हा दातांची टोकं जशी हलकी लागतात तशी या माणसाची पावलं जमिनीला लागतात, अशी उपमा आहे. ओवी सुरू होते 'मोहाचेनि सांगडें' अशी. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतला एक मुलगा वर्गात हे वाचत होता. घरी कोकणी, मराठी शाळेत शिकलेली. वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, 'सर, मोहानं म्हणजे मोगान?' कोकणीत मोग म्हणजे प्रेम. मी त्याला ताडकन दुरुस्त केलं. मोह म्हणजे भुरळ, षड्रिपूंपैकी एक, मोग वेगळा. तो खाली बसला.

त्याच आठवड्यात आमच्या पडवीतल्या लाकडांत मांजर व्याली होती. पागोळ्यांचं पाणी आत यायला लागलं तशी ती एकेक पिल्लू मानेला धरून माळ्यावर नेऊ लागली. चार खेपा. तेच दात, ज्यांनी सकाळी तिनं उंदीर मोडला होता. पिल्लू मात्र तोंडात निवांत लोंबत होतं, पाय सोडून. बघता बघता माझ्या लक्षात आलं की इथे 'मोह' हा रिपू असूच शकत नाही. ज्ञानदेवांना त्या शब्दात माया दिसते. मग पुढे वाचलं तर अशा माणसाच्या तोंडाला ते 'मुख मोहाचें माहेर' म्हणतात. म्हणजे पोरगा बरोबर होता आणि मी कोश पाठ करून चुकलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं. 'मोह' आणि 'मोग' यांच्या व्युत्पत्तीत मी इथे शिरत नाही. पण अर्थाला जायची वाट गोव्याच्या पोराला पुण्याच्या पोराहून जवळची होती, एवढं खरं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

अद्वैताचा प्रश्न तुमच्या मुलांनी चांगला काढलाय. त्याचं उत्तरही याच शंभर ओव्यांत, बघण्याच्या वर्णनात आहे. ज्ञानदेव सांगतात की हा माणूस सहसा कुणाकडे रोखून बघतच नाही. का? तर सगळ्या भूतांत ती 'वस्तू', म्हणजे ब्रह्म, भरलेली आहे. आपली नजर तिला रुपेल ही त्याला धास्ती. केवढा विचार आहे पाहा. सगळं एकच आहे म्हणून कुणाचंच काही वाटायला नको, असा निष्कर्ष आळशी वेदान्ती काढतो. ज्ञानदेव उलटा काढतात: सगळीकडे तेच आहे म्हणून डोळासुद्धा जपून उचलायचा. मुंगीपाशी तत्त्वज्ञान आणि करुणा एकाच पावलात येतात.

अमृतानुभवात ते याहून धीट होतात. तिथे शिव आणि शक्ती हे नवरा-बायको. आवडीच्या भरात एकमेकांना गिळून टाकतात आणि पुन्हा दोनपणाच्या हौसेनं एकमेकांना बाहेर काढतात. एक असूनही दोन व्हायचं, ते प्रेमाचं सुख हवं म्हणून. हे बारावीला शिकवावं की नाही ते तुम्ही ठरवा, मी शिकवायचो. मागच्या बाकावर हशा व्हायचा आणि मग शांतता.

माणसाचं प्रेम, शृंगार, याचं काय, असंही मुलं विचारतील. तो आहे, आणि त्यावर त्या काळातही भांडण होतं. महानुभाव पंथातले भास्करभट्ट बोरीकर यांनी 'शिशुपाळवध' लिहिला. कृष्ण-रुक्मिणीचं प्रेम त्यात इतकं रंगलं की गुरुबंधूंचा अभिप्राय आला: ग्रंथ चांगला झाला, पण निवृत्तांच्या जोगा नव्हे. भास्करभट्टांनी मग 'उद्धवगीता' लिहिली. आज आपण वाचतो तेव्हा पहिलं पुस्तकच जास्त जिवंत लागतं, माझ्यापुरतं तरी. त्याच पंथाच्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या मांडीखाली शिरलेला ससा आहे. पारधी मागे आलेले, ससा थरथरतोय, आणि स्वामी त्याला शरण आलेला म्हणून देत नाहीत. ही लीळा चार-सहा ओळींची, गद्यात. मुलांना ओवीची भीती वाटत असेल तर इथून सुरू करा.

पण एक गोष्ट पाठ्यपुस्तक गुळगुळीत करून टाकतं, ती तुम्ही करू नका. करुणेनं हळुवार चालणाऱ्याचं वर्णन शिकवलंत की दुसऱ्याच तासाला चोखोबांचा अभंग घ्या:

धांव घाली विठू आतां चालूं नको मंद ।
बडवे मज मारिती ऐसा काहीं तरी अपराध ॥

'चालूं नको मंद.' एकीकडे पाऊल हळू टाक म्हणजे कुणाला लागणार नाही, दुसरीकडे मार खाणारा माणूस देवाला सांगतोय, अरे हळू काय चालतोस, पळ. दोन्ही एकाच परंपरेतले, दोघांचा देव एकच. ज्याच्या पायाखाली कुणी येऊ शकतं, त्यानं हळू चालायचं. जो पायाखाली आलाय, त्याला हळुवारपणा परवडत नाही. वर्गात या दोन ओळी शेजारी लिहिल्यावर मी पुढे काही बोलत नसे. बोलायची गरजही पडली नाही. एका वर्षी एका मुलीनं घरचं सांगायला सुरुवात केली आणि तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

आता गोवा. इथे मला तीन नावं पुरतात.

पहिलं कृष्णदास शामा. साष्टीतल्या केळशीचा हा कवी. भागवताच्या दशम स्कंधावरची त्याची 'श्रीकृष्णचरित्रकथा' १५२६ ची, म्हणजे एकनाथांच्या जन्माआधीची. गोव्यात मराठी काव्यरचना पोर्तुगीज काळात कुणी बाहेरून आणून लावली नाही, ती इथे रुजलेली होती, हे सांगायला एवढी तारीख बास. त्या सुमाराच्या मराठी-कोकणी कथांच्या रोमन लिपीत उतरवलेल्या प्रती पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. आपल्याच गोष्टी वाचायला आपल्या अभ्यासकांना तिथवर जावं लागलं. बाळकृष्णाचं वात्सल्य मुलांना कागदावर शिकवण्यापेक्षा आषाढात माशेलला घेऊन जा. देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो असतो, बाप्ये माणसं पोरांसारखी चिखलात लोळतात. देवकीसह कृष्णाची पूजा करणारी देवळं किती सापडतील? ती देवीही मूळची तिथली नव्हे, चोडणची. तिला जागा सोडावी लागली.

जागा सोडण्यावरून आठवलं. केळशीची शांतादुर्गा आज अंत्रूजात, म्हणजे फोंड्याकडे, कवळ्याला आहे ती सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजांच्या धरपकडीमुळे. १५६७ साली साष्टीतली देवळं पाडली गेली. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, ज्ञानेश्वरीच्या त्या अहिंसेच्या भागाची सुरुवातच मी गोव्याबाहेर कधी नीट वाचली नव्हती. हिंसा करून अहिंसा साधू पाहणाऱ्या कर्मकांडाची ज्ञानदेव तिथे टर उडवतात. म्हणे, फांद्या तोडून झाडाच्याच बुडख्याला कुंपण घालायचं; आपलाच हात तोडून शिजवायचा आणि भूक भागवायची; 'नाना देऊळ मोडोनि कीजे पौळी देवा', म्हणजे देऊळ मोडून त्याच्याच दगडांनी देवाला पोवळी, म्हणजे आवाराची भिंत, बांधायची. त्यांच्यासमोर यज्ञातली हिंसा होती. केळशीच्या पोरासमोर दुसरंच चित्र उभं राहतं. ओवी तीच.

दुसरं नाव फादर थॉमस स्टीफन्स. जन्मानं इंग्रज, जेझुइट. १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये इथेच मेला, चाळीस वर्षं राहून. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' हे मराठीचं कौतुक सगळ्यांना पाठ असतं, पण मी मुलांना तिथे रमू देत नाही. सुरुवातीच्या ओव्या काढायला लावतो. देवाला तो काय म्हणतो? 'कृपानिधी करुणाकरु'. स्वर्गाला काय म्हणतो? वैकुंठ. शब्द कुणाचे आहेत हे सांगायला नको.

पुराणाची चौकटही बघण्यासारखी आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो: जुनी पुराणं वाचायची तुम्ही बंदी केलीत, मग आमच्यासाठी दुसरी का करत नाही? ज्याचं पुस्तक काढून घेतलं त्याची भूक लेखकाला ऐकू आली, म्हणून हे पुराण झालं. प्रस्तावनेत स्टीफन्स सांगतो की शुद्ध मराठी सामान्य माणसाला कळत नाही म्हणून त्यानं इथल्या बोलीतले सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळले. ऐकणाऱ्यापर्यंत खाली उतरायचं ही ज्ञानदेवांचीच रीत झाली.

मग हा माणूस आपला की त्यांचा? मुलं भांडतात, भांडू द्या. माझं मत विचाराल तर: ज्या सत्तेनं पोथ्या बंद केल्या तिच्याच सावलीत त्यानं पोथी लिहिली, आणि तरीही ओवीवरची त्याची माया खोटी नव्हती. शब्दांतला कळवळा माणसापर्यंत पोचला, पण सत्तेच्या पावलापर्यंत नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. करुणाकर म्हणायला शिकवणारी मंडळी आणि जीभ कापायला निघालेली मंडळी एकाच देवळात गुडघे टेकत होती. आणि आपल्याकडचे बडवे? ज्ञानेश्वरी असलेल्या मुलखातच चोखोबांनी मार खाल्ला. म्हणून या मुद्द्यावर वर्गात एका बाजूच्या पोरांनी दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवायला सुरुवात केली की मी पुन्हा 'चालूं नको मंद' फळ्यावर लिहायचो.

तिसरं नाव सोहिरोबानाथ आंबिये, जन्म १७१४ चा. घराणं मूळ पेडण्यातल्या पालयेचं, वास्तव्य बांद्याचं, कुलकर्णीपण सोडून निघालेला नाथपंथी. काळ उशिराचा, पण वळण जुनंच. 'हरिभजनाविण काळ घालवू नको रे' हे त्यांचं पद मंगेशीच्या अभिषेकीबुवांनी घरोघर पोचवलं. मुलांच्या आईबापांच्या फोनमध्येही असेल. त्यात 'दोरीच्या सापा भिवुनी भवा' अशी ओळ येते. दोरी-साप हा शांकर वेदान्तातला घासून गुळगुळीत झालेला दाखला. पण आषाढात वीज गेलेली असताना कुळागरातून, सुपारीच्या बागेतून, चालत घरी आलेल्या मुलाला तो दाखला समजावून सांगावा लागत नाही. लगेच पुढे 'अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे'. त्यातला 'रे' बघा. तत्त्वज्ञान सांगणारा माणूस बरोबरीनं चालत असलेल्या कुणाला तरी 'रे' म्हणतोय. श्रोत्याला धाकटं करणारा उपदेश आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलेली गोष्ट, यातला फरक त्या एका अक्षरात आहे. माझ्या मते सोहिरोबांच्या पाच ग्रंथांवर टिपणं लिहून घेण्यापेक्षा हे एक पद वर्गात म्हणवून घेणं बरं.

तुमच्या पाच गुणांच्या मुद्द्याचं काय करायचं ते सांगतो. मुलांना 'सहानुभूती' या शब्दानं सुरुवात करून उत्तर लिहू देऊ नका. एक ओवी आणि तिच्यात कोण काय करतंय एवढंच लिहायला लावा: कोण चालतोय, कुणाच्या अंगावरून, कसा. परीक्षकांना मुद्देसूद हवं असतं हे मला ठाऊक आहे, मीही परीक्षक होतो. पण शंभरातले नव्वद पेपर 'संतांनी समाजाला प्रेमाचा संदेश दिला' या वाक्यानं सुरू होतात, आणि एक्क्याण्णवावा मांजरीनं सुरू झाला तर हात आपोआप सैल होतो.

वाचायला म्हणाल तर सगळी ज्ञानेश्वरी लगेच हातात देऊ नका. तेराव्यातला अहिंसेचा तुकडा, बाराव्यातली गाय, वाघ आणि पाणी यांची ओवी (गाईची तहान भागवावी आणि वाघाला विष होऊन मारावं, हे पाण्याला ठाऊकच नसतं), मुक्ताबाईचे ताटीचे दोन अभंग, चोखोबांचा तो एक आणि क्रिस्तपुराणाच्या पहिल्या वीस ओव्या. मोठ्यानं वाचायचं, घाई करायची नाही. साष्टीतलं कुणी वर्गात असेल तर क्रिस्तपुराण त्याला वाचू द्या, 'चुकलं' म्हणायची घाई करू नका. आणि तो मध्येच थांबून काही विचारायला लागला, तर माझ्यासारखं ताडकन दुरुस्त करायच्या आधी त्याला वाक्य पुरं करू द्या.